वीतभर खिडकी

न्यू जर्सीतल्या एडिसन-वुडब्रिजच्या बाजूला मे लागला की घरांमागच्या हिरवळीवर निळे गोल तलाव दिसू लागतात. जमीन खोदून बांधलेले नव्हेत, पत्र्याच्या भिंतीचेही नव्हेत. यांची भिंत कापडाची: मध्ये पॉलिएस्टरची जाळी, दोन्ही अंगांना पीव्हीसीचा थर. वरच्या काठाला नेफा, त्यातून ओवलेले जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी पाइप, आणि पाइपांना टेकू द्यायला पाय. पाणी भरलं की कापड ताणतं आणि भिंत उभी राहते. पाणी सोडलं की भिंत संपली, घडी घाला आणि गॅरेजात ठेवा. आमचा तलाव १८ फूट व्यासाचा आणि ५२ इंच उंच आहे. त्यात सुमारे ७ हजार गॅलन, म्हणजे साडेसव्वीस हजार लिटर पाणी मावतं. वजन साडेसव्वीस टन.

या कापडात वीतभर रुंद खिडकी कापून तिथे कायमचा स्किमर, म्हणजे पाण्यावरची घाण ओढून घेणारा डबा, बसवावा, असं माझ्या मामेसासऱ्यांचं म्हणणं. कापडाला सुरी लावायची नाही, असं माझ्या बायकोचं. मामा किर्लोस्करवाडीला पंपांच्या चाचणीत नोकरी करून निवृत्त झालेले, सध्या उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आलेत. बायको इथल्या एका रुग्णालयात फार्मसिस्ट, त्यामुळे मापाशिवाय बोलत नाही. मी चहा करणारा. तरी मलाही मत आहे, आणि ते मी मध्येमध्ये घुसडणार आहे.

मामा : पंप पाणी ओढतो कुठून?

भाची : भिंतीच्या खालच्या अंगाला जाळीचं तोंड आहे ना, तिथून.

मामा : आणि घाण कुठं आहे?

भाची : वर. पण वरची ओढायला काठाला टांगलेला स्किमर आहे की. त्याची नळी त्या खालच्या तोंडालाच जोडलीय.

मामा : तो पाहिला म्हणूनच बोलतोय. पोरांनी उडी मारली की लाट येते, तो डुचमळतो आणि हवा ओढतो. पंपाच्या पोटात हवा गेली की आवाज बदलतो. मला आत खोलीत बसून ऐकू येतो. तुम्हाला कुणाला येत नाही.

भाची : पोरं पाण्यात असली की मी तो काढून ठेवते.

मामा : आणि परत लावायचा राहतो. दुपारभर पानं वर फिरतात आणि संध्याकाळी तळाला जाऊन बसतात.

हे शेवटचं खरं आहे. इथे तलावात काय काय पडतं याची यादी ऋतूप्रमाणे बदलते. मेमध्ये ओक आणि पाइनचे पिवळे परागकण. शाळा सुटल्या की पोरांच्या अंगावरच्या सनस्क्रीनचा तवंग. जुलैत हिरव्या-तांबूस पाठीचे जपानी भुंगेरे. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो न्यू जर्सीतच, रिव्हरटनजवळच्या रोपवाटिकेत, १९१६ साली. शंभर वर्षं उलटली तरी त्याला माहेर सोडवत नाही. ऑगस्टपासून लँटर्नफ्लाय, ठिपक्यांच्या पंखांचे. ते २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आढळले आणि २०१८ मध्ये इकडे आले. यातलं जवळजवळ सगळं आधी काही तास तरंगतं आणि भिजून जड झालं की बुडतं. वर असताना उचललं तर ते नुसता कचरा असतं. बुडून कुजायला लागलं की ते क्लोरीन खातं. रोज चाचणीच्या पट्ट्या पाण्यात बुडवून डोस ठरवणाऱ्या माझ्या बायकोला हे मामांपेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणूनच तिनं स्किमर हवा की नको हा वाद घातलाच नाही. तिचा वाद भोकाशी होता.

मामा : भिंतीतला स्किमर कसा चालतो ते आधी बघ. बाहेरच्या अंगाला एक डबा, आत बुट्टी, तळाला नळी. डब्याचं तोंड भिंतीतून तलावात उघडतं. तोंडात बिजागरीची झडप, आणि ती तरंगते. पंपानं डब्यातलं पाणी ओढलं की डब्यातली पातळी उतरते, झडप आत कलते, आणि तिच्यावरून तलावाचा फक्त वरचा पापुद्रा आत येतो. दुधावरची साय काढावी तसा. पंप बंद झाला की झडप उभी राहते, आत आलेलं पान परत बाहेर जात नाही. तुझ्या त्या टांगलेल्या वाडग्याला ही झडप आहे?

भाची : नाही. पण त्याला भोकही लागत नाही.

मामा : भोकाची एवढी भीती?

भाची : कापड आहे हे, मामा. पत्र्याच्या तलावात स्किमरची जागा कारखान्यातच पाडून येते. भिंत ताठ असते, तिच्यावर डबा स्क्रूनं आवळला की झालं. इथं ताठ काहीच नाही. कापडाला एकदा टोक सापडलं की टर्रकन फाटत जातं. साडेसव्वीस टन पाणी शेजारच्यांच्या तळघरात.

मामा : कागद दे.

कागद आला. मामांना कागद दिला की वाद संपतो असा त्यांचा समज आहे. निम्म्या वेळा तो बरोबर असतो.

मामा : ढोबळ हिशेब करू. गोल तलावाच्या भिंतीवर आडवा ताण किती, तर त्या खोलीचा दाब गुणिले त्रिज्या. त्रिज्या नऊ फूट, म्हणजे २७४ सेंटिमीटर. आता स्किमरचं तोंड कुठं येतं? अर्धं पाण्याच्या वर, अर्धं पाण्यात. पातळी तोंडाच्या मध्यावर नसेल तर झडप चालतच नाही. म्हणजे चौकटीची खालची कड पाण्याखाली किती? फार तर १० सेंटिमीटर. तिथं दाब चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम. गुणाकार कर.

भाची : २,७४० ग्रॅम. सेंटिमीटरभर रुंद पट्टीला पावणेतीन किलो.

मामा : आता तळाजवळ. पाणी १२० सेंटिमीटर. तिथं?

भाची : ३३ किलोच्या आसपास.

मामा : बारा पट. कापड केलंय ते खालच्या ३३ किलोंसाठी. आपण भोक पाडतोय वरच्या पावणेतीन किलोंत. आणि कंपनीनं स्वतः भोकं कुठं पाडलीत? पंपाची दोन्ही तोंडं आपल्या खिडकीच्या कितीतरी खाली आहेत. ती नाही फाटत?

भाची : ती गोल आहेत, लहान आहेत, आणि भोवती जाड चकती वेल्ड केलेली आहे. तुम्ही चौकोन कापणार. ताण कोपऱ्यात गोळा होतो हे तुम्हीच मला शिकवलंय, अकरावीत.

मामा : शिकवलंय ना? मग पुढचंही ऐक. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९८ सालीच मांडलं. चौकोनाच्या टोकदार कोपऱ्यात त्याहून जास्त. म्हणून कोपरे गोल कापायचे. आणि तिप्पट धर, चौपट धर. पावणेतीनचे अकरा झाले. अजून तू ३३च्या खालीच आहेस. शिवाय कापलेली कड मोकळी राहतच नाही. बाहेरून डबा, आतून फेसप्लेट, दोन्हीकडे गॅस्केट, मध्ये कापड, आणि चारी बाजूंनी स्क्रू. ताण त्या चौकटीतून पलीकडे जातो.

भाची : स्क्रूंचीही भोकंच आहेत. तेवढी भोकं एका ओळीत.

मामा : आवळलेली भोकं.

इथे मी मामांच्या बाजूचा. असे तलाव फुटण्याची भीती लोकांना जिथे वाटते तिथून ते सहसा फुटत नाहीत. जमीन एका अंगाला उतरती असेल तर पाणी तिकडे झुकतं, पाय तिरपे होतात आणि सगळा तलाव त्या बाजूनं बसतो. आम्ही तलाव उभारला तेव्हा बायकोनं लांब फळी आणि पाणसळ घेऊन हिरवळ तासून घेतली होती. त्या कामानं आमचा शेजार जेवढा वाचवलाय तेवढा न पाडलेल्या भोकानं वाचवलेला नाही. मी हे मोठ्यानं बोललो नाही.

भाची : बरं, समजा कापायचं ठरलं. तुम्ही कसं कापणार?

मामा : तलाव रिकामा करायचा, मापं घ्यायची, ड्रिल लावायचं...

भाची : तिथंच चुकलं. रिकामं कापड लोंबतं. पाणी भरल्यावर ते ताणून बाहेर फुगतं आणि तुमची खूण इंचभर सरकते. पातळी तोंडाच्या मध्यावर यायला हवी म्हणालात ना? मग खूण तलाव भरलेला असताना करायची, आणि मग पाणी खिडकीच्या खाली वीतभर उतरवायचं. सगळं सोडायची गरजच नाही. सात हजार गॅलन पाणी फुकट नाही मिळत इथं.

मामा : हं.

भाची : आणि ड्रिल नाही. बिट जाळीचे धागे गुंडाळून ओढून काढेल. भोकं दाभणानं पाडायची, नाहीतर तापवलेल्या खिळ्यानं, म्हणजे धाग्यांची टोकं तिथल्या तिथं वितळून बसतील. आधी दोन बाजूंचे मधले स्क्रू, मग समोरासमोरचे एकेक, हातानं. मशीन लावलं तर प्लॅस्टिकच्या डब्यातले आटे जातील. आणि खिडकी शेवटी कापायची, सगळे स्क्रू बसल्यावर, फेसप्लेटच्या आतून, तिच्याच कडेनं. आधी कापली तर कापड सरकेल आणि काही जुळणार नाही.

मामा : हे तू कुठं वाचलंस?

भाची : नको म्हणायचं असेल तर काय नको म्हणतोय ते आधी कळायला हवं ना.

मामांनी चष्मा काढून पुसला. भाचीनं त्यांना हरवलं की ते असं करतात, आणि मला वाटतं त्यांना ते आवडतं. पुढची काही मिनिटं दोघं एकाच बाजूनं बोलत होती. गॅस्केटला पेट्रोलियमचं ग्रीस किंवा व्हॅसलिन लावायचं नाही, रबर फुगतं. लावायचंच तर सिलिकॉनचं. पीव्हीसी दाबाखाली हळूहळू चेपत जातं, म्हणून आठवड्यानं स्क्रू पुन्हा एकदा पाव फेरा आवळून बघायचे. जागा दोन पायांच्या मधोमध निवडायची आणि वेल्डिंगच्या शिवणीपासून लांब. वारा ज्या बाजूला घाण ढकलतो ती बाजू धरायची. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, तेव्हा स्किमर ईशान्येला, आणि पंपातून परत येणाऱ्या पाण्याची धार अशी वळवायची की वरचं पाणी गोल फिरत तिकडे यावं. खालचं जुनं तोंड बंद करायचं नाही. दोन्ही नळ्या एका व्हॉल्व्हवर आणून बहुतेक ओढ स्किमरची ठेवायची, थोडी तळाची. आठ तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जावं असा हिशेब धरला तर तासाला नऊशे गॅलन पुरतात. आमचा पंप तेवढा आहे. याहून दांडगा लावला तर डबा उपसला जाईल आणि पंप हवा घेईल.

मग मामांनी डब्याच्या वजनाचा विषय काढला. म्हणजे तो त्यांनी स्वतःहून काढला, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

मामा : एक गोष्ट मला खटकते. भरलेला डबा म्हणजे जवळजवळ बादलीभर पाणी. पत्र्याची भिंत ते पेलते. कापड पेलणार नाही, डबा पुढून खाली लोंबेल. तोंड तिरकं झालं की झडप एका कडेला घासते आणि वरचे स्क्रू कापडाला ओढतात. फाटलंच तर ते पाण्याच्या ताणानं नाही फाटणार, या लोंबकळण्यानं फाटेल.

भाची : मग डब्याखाली टेकू द्या. विटा रचा, नाहीतर लाकडाचा खांब.

मामा : नको. तलाव हलतो. पोरांनी दंगा केला की भिंत आतबाहेर होते, तू हात लावून बघ. खालून ठाम टेकू दिला तर भिंत हलणार आणि डबा जागचा हलणार नाही. सगळा धक्का स्क्रूंवर. डबा वरच्या पाइपालाच टांगायचा, दोन पट्टे घालून. भिंत जिकडं जाईल तिकडं डबा जाईल. आणि कापडाच्या मागं, स्क्रूंच्या ओळीत, प्लॅस्टिकची जाड पाटी द्यायची. स्वयंपाकघरात भाजी चिरायची पांढरी पाटी असते ना, तसल्या पाटीतून चौकट कापून. म्हणजे डब्याचं वजन नुसत्या फेसप्लेटच्या रुंदीवर न येता हातभर कापडावर पसरेल.

भाची : टांगायचा हे मला पटलं. पण माझं कारण वेगळं आहे.

आणि तिनं ते सांगितलं. २१ जुलै २०२५ला अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप यांच्या ४८ इंच आणि त्याहून उंच अशा सुमारे ५० लाख तलावांच्या दुरुस्तीसाठी रिकॉल जाहीर केला. हे तलाव २००२ पासून विकले जात होते. दोष कापडात नव्हता. पायांच्या बाहेरून तलावाभोवती एक पट्टा आवळलेला असतो. लहान मूल त्या पट्ट्यावर पाय ठेवून चढू शकतं. २००७ ते २०२२ या काळात २२ महिने ते ३ वर्षं वयाची नऊ मुलं अशी चढून बुडाली असावीत, असं आयोगाचं म्हणणं. उपाय म्हणून कंपन्यांनी दोर द्यायचा. प्रत्येक पायाला तो वेढून बांधायचा आणि मग पट्टा कापून टाकायचा.

भाची : ५२ इंच उंच भिंत हीच आपली कुंपणाची भिंत आहे, मामा. इथला नियम ४८ इंचांचा आहे, आणि वापर नसताना शिडी काढून ठेवायची. त्या हिशेबात गुळगुळीत भिंत धरलीय. पंप, फिल्टर असलं काही कुंपणाच्या बाहेरून तीन फुटांच्या आत ठेवायचं नाही असंही नियम सांगतो, कारण मूल त्यावर चढतं. आणि तुम्ही त्याच भिंतीला बाहेरून डबा लावताय, खाली नळी, नळीला व्हॉल्व्ह. विटांचा टेकू दिला असता तर पायरीच झाली असती.

मामा : म्हणून टांगायचा म्हटलं की.

भाची : टांगला तरी धरायला तो आहेच. आणि नळी.

मामा : ठीक. पण दुसरी बाजूही बघ. आत्ता तुझा पंप सगळी ओढ पाण्याखालच्या तोंडातून करतो. त्या तोंडावरची जाळी निघाली किंवा तडकली तर? पोरीचे केस तिथं गेले तर? स्किमरचा डबा वरून उघडा असतो. त्याच्या तोंडावर कुणी हात ठेवला तरी हवा आत येते आणि ओढ तुटते.

इथे मी मामांकडे जरा वळून पाहिलं. हा मुद्दा त्यांनी कागदावर काढला नव्हता, पण हा देश तो मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅम बेकर २००२ मध्ये गरम पाण्याच्या हौदात तळाच्या तोंडाला ओढली गेली आणि बुडाली. तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि तळाच्या तोंडांवरच्या झाकणांना सगळीकडे मानकं आली. सक्ती मुख्यतः सार्वजनिक तलावांना आहे, घरामागच्या कापडी तलावाला नाही. पण पंप तोच, पाणीही तेच. कुठलंही पाण्याखालचं तोंड एकटं पंपाला जोडलेलं नसावं, एवढं त्यातून घरच्या माणसानंही घ्यावं.

भाची : हे मान्य. स्किमर आत पोहणाऱ्याला सुरक्षित. बाहेरून येणाऱ्या लहान मुलाला नाही.

मामा : बाहेरून येणारं लहान मूल कोण? शेजाऱ्यांचं?

भाची : पलीकडच्या घरातलं अडीच वर्षांचं. कालच आपल्या अंगणात चेंडू न्यायला आलं होतं. त्याला कुणी हाक मारेपर्यंत ते तलावाशी पोचलं होतं.

यावर मामांनी काही उत्तर दिलं नाही. ताणाच्या हिशेबात बसणारी ही गोष्ट नव्हती. माझं मत विचाराल तर या सगळ्या वादात बायकोचा हा मुद्दा सर्वांत वजनदार, आणि गंमत म्हणजे तो सुरुवातीला तिच्या मनातही नव्हता. ती फाटण्याची भीती घेऊन आली होती. ती भीती मामांनी पुसली, तेव्हा तिला मागचं दिसलं.

चहाची दुसरी फेरी झाली. मामांनी पुन्हा जोर धरला.

मामा : मग तलावाभोवती वेगळं कुंपण घाला. आपोआप मिटणारं फाटक, कडी वरच्या बाजूला. मुलाचा प्रश्न सुटला. मग डबा लावा, पंप लावा, काय हवं ते लावा.

भाची : कुंपण घालायचं म्हणजे तलाव कायमचा झाला. आणि तलाव कायमचा आहे का? नाही. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय, थंडीत काढून ठेवा. जानेवारीत इथं पाणी गोठतं. डब्यात साठलेलं पाणी गोठलं की डबा चिरणार. म्हणजे दर ऑक्टोबरात डबा काढायचा. तो काढायचा तर सगळे स्क्रू, दोन्ही गॅस्केटी, फेसप्लेट. कापड घडी करायचं, आणि त्या घडीत वीतभर खिडकी. घडी कोपऱ्यातच मोडणार. मेमध्ये उलगडायचं, पुन्हा तीच भोकं जुळवायची, नव्या गॅस्केटी. हे दरवर्षी.

मामा : पाणी थोडं उतरवून तलाव तसाच उभा ठेवतात की लोक.

भाची : ठेवतात. बर्फ साठतो, पाइप वाकतात, आणि वसंतात नवा घ्यायला दुकानात जातात. तसं करायचं असेल तर भोकाचं मला काहीच नाही. कापडाचं आयुष्य चार-पाच उन्हाळे. पण मग हा तलाव घडीचा आहे म्हणून आपण स्वस्तात घेतला, हे विसरा.

मामा : तुझं म्हणणं काय, कधीच काही बसवायचं नाही?

भाची : माझं म्हणणं, काय बसवतोय ते बघून बसवायचं. तुम्ही तीन-चारशे डॉलरचं काम म्हणून स्किमरकडे बघताय. त्याच्या मागून पाटी, पट्टे, व्हॉल्व्ह, कुंपण, फाटक, आणि हिवाळ्यात काय करायचं याचा निर्णय येतो. सगळे मिळून आले तर चालतील. एकटा स्किमर आला तर मला चालणार नाही.

मला वाटतं वाद इथे खरा उघड झाला. मामा यंत्राकडे बघत होते आणि यंत्राच्या हिशेबात ते बरोबर होते. वरचं पाणी वरूनच काढावं, आणि पाण्याखाली जेमतेम चार बोटं येणाऱ्या भोकाला घाबरू नये. बायको त्या यंत्राचा वर्षभराचा संसार बघत होती. पण तिच्याही बोलण्यात एक फट होती, आणि ती मामांनी बरोबर पकडली.

मामा : आत्ता कुंपण नाही. मग आत्ता तो अडीच वर्षांचा पोरगा सुरक्षित आहे?

भाची : शिडी काढलेली असते.

मामा : पंप कुठं आहे?

भाची : ...भिंतीला लागून.

मामा : तीन फुटांच्या आत?

भाची : आत.

मामा : मग कुंपण स्किमरसाठी नको घालूस. कुंपण घाल म्हणजे घाल.

बायको उठून खिडकीशी गेली आणि परत आली. तिच्या वहीत कुंपणाचं माप आधीच होतं. हे मला माहीत होतं, मामांना नव्हतं. तेवढ्यात मामा रंगाऱ्यांची चिकटपट्टी शोधायला लागले. तलाव आज नेमक्या पातळीला भरलेला आहे, उद्या पोरांनी पाणी सांडलं तर पातळी जाईल, निदान खूण तरी करून ठेवू, असं त्यांचं म्हणणं.

भाची : खूण करा. सुरी नाही.

मामा : सुरी आत्ता नाहीच. कुंपण झाल्यावर.

भाची : कुंपणाला गावाच्या बांधकाम कार्यालयाची परवानगी लागते. ऑगस्ट उजाडेल.

मामा : मी सप्टेंबरपर्यंत आहे.

भाची : आणि ऑक्टोबरात ते सगळे स्क्रू काढायचे कुणी? तुम्ही सांगलीत असणार. आणि हे...

इथे दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनीही पुढे काही विचारलं नाही.

मामा : तू काढशील. मी समोर बसून एकदा तुझ्याकडून बसवून घेतो, म्हणजे काढताना अडणार नाही.

भाची : म्हणजे कापायचंही मीच?

मामा : तूच. मला ड्रिल लागतं.